दाराशी पुरलेली किडनी

शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार अर्धवट उघडलं आणि आतून आवाज आला, "लास्मिनीबाईंच्या घरचं कोण आहे?"

वार्सितो मास्तर उठले. त्यांच्यामागोमाग त्यांची थोरली मेहुणी पार्जियेमही उठली. मांडीवर उघडलेली भाताची पुडी तिनं तशीच बाकावर सरकवली. दारात डॉक्टर स्वतः उभे होते, हातात स्टीलचं पसरट भांडं. पोटातून जे काढलं ते घरच्यांना दाखवायचं, अशी रीतच होती. मागाहून कुणाच्या मनात शंका राहायला नको.

"ही डावी किडनी," डॉक्टर म्हणाले. "आणि ही तिच्यावरची गाठ."

मास्तरांनी पाहिलं. गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. फळ्यावर खडूनं किडनी काढली होती, पावट्याच्या दाण्यासारखी, सुबक. ही एका टोकाला तशी ओळखू येत होती. दुसऱ्या टोकाला आल्याच्या गड्ड्यासारखं काहीतरी पिवळट, रक्ताळलेलं तिला धरून वाढलं होतं.

"सगळी निघाली?" त्यांनी विचारलं.

"मला दिसली तेवढी सगळी."

मास्तरांनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा धरून ठेवला.

पार्जियेम भांड्यात वाकून बघत होती. "एवढंसं? आणि मी वर्षभर हिची पाठ नाण्यानं घासत बसले. वारा भरलाय, वारा भरलाय म्हणत."

"घासण्यानं काही बिघडलं नाही हो," डॉक्टर म्हणाले.

"सुधारलंही नाही ना," पार्जियेम म्हणाली आणि पुडी गुंडाळायला गेली.

थोड्या वेळानं एक नर्स झाकणाची प्लास्टिकची बरणी घेऊन आली. बरणीतल्या औषधी पाण्याचा वास झाकणाबाहेरही येत होता. "हे जोग्जाच्या प्रयोगशाळेत न्यायचं, पाक," ती म्हणाली; वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे पाकच म्हणतात. "आमच्याकडे तपासणी होत नाही. या चिठ्ठीवर पत्ता आहे, आजच पोचवा." तीही रीतच होती. रक्त असो, लघवी असो, कापून काढलेला तुकडा असो, रुग्णाच्या माणसानं मांडीवर घेऊन बसमधून शहरात न्यायचा.

"तपासून झाल्यावर परत मिळेल का?" मास्तरांनी विचारलं.

"काय?"

"हे."

नर्सनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "चकत्या करतात त्याच्या. उरलेलं काही दिवस ठेवतात, मग बाकीच्यांच्याबरोबर जाळतात. अर्ज केला तर देतात म्हणे. कुणी केलेला मी तरी पाहिला नाही."

"जाळतात," मास्तर म्हणाले.

"मग काय, साठवून ठेवतील?" ती म्हणाली, पण वाईट सुरात नाही. तिला पुढच्या रुग्णाकडे जायचं होतं.

आदल्या संध्याकाळी लास्मिनीनं त्यांना खाटेजवळ बोलावून घेतलं होतं. शेजारच्या खाटांवरच्या बायका ऐकत होत्या, तरी तिनं आवाज हळू केला नव्हता. "वुलानचे बाबा, काढतील ते घरी आणायचं. इथं टाकायचं नाही. उद्या कयामतीला मेलेल्यांना उठवतील तेव्हा मी काय दवाखान्या-दवाखान्यातून विचारत फिरू, बाई, माझी किडनी पाहिलीत का?"

शेजारची बाई हसली होती. लास्मिनीही हसली होती. मग हसू थांबल्यावर म्हणाली होती, "वुलानची वार पुरलीत ना, तिच्या शेजारी ठेवा. मला तिथं बरं वाटेल."

"आणीन," मास्तर म्हणाले होते.

वार म्हणजे मुलाचं पाठचं भावंड, असं तिकडे सगळेच मानतात. बापानं ती स्वतः धुवायची, पांढऱ्या कापडात गुंडाळायची, दाराशी पुरायची, वर दिवा लावून भोकाचं मडकं उपडं घालायचं, म्हणजे पोर कुठेही गेलं तरी घराला बांधलेलं राहतं. मास्तरांनी दोन्ही मुलांच्या वारा अशा पुरल्या होत्या. मुलगी वुलान आता बाटाम बेटावरच्या कारखान्यात होती, मुलगा बोर्नियोत ट्रक चालवत होता. दोघंही सणाला फोन करत.

दवाखान्यासमोर रस्त्याच्या अलीकडे जोग्जाच्या बस थांबत आणि पलीकडे गावाकडच्या. मास्तर काळ्या पिशवीत बरणी घेऊन अलीकडच्या बाजूला उभे राहिले. एक बस आली आणि गेली. कर्करोग आहे हे तर स्कॅनमध्येच दिसलंय, त्यांच्या मनात आलं. गाठ काढलीय. सगळी निघालीय. मग आता शहरातला कुणी अनोळखी माणूस तिच्या चकत्या करून काय सांगणार? कर्करोग होता असंच ना? त्यांना कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. तपासणी ज्या अर्थी सांगितलीय त्या अर्थी तिला काही कारण असणार, हे शिकवणाऱ्या माणसाला कळतंच. कळत होतं, आणि त्यांनी ते कळणं जरा बाजूला ठेवलं. दुसरी बस आली तेव्हा ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

गावातलं मयत-मातीचं बघणाऱ्या जुमाली मोदिननं बरणी उघडली आणि नाक दाबलं. "औषधाचा वास आहे, पाक गुरू. दोन-तीन पाण्यांनी धुवायला लागेल."

मास्तरांनी अंगणातल्या रांजणापाशी बसून स्वतः ती धुतली. हातात ती अपेक्षेपेक्षा जड वाटली. मोदिननं हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली. पांढऱ्या कापडाची घडी खड्ड्यात ठेवताना शेजारचा तुगिमान कुंपणावर हात टेकून बघत होता.

"पाक गुरू, या वयात? मुलगा की मुलगी?"

मोदिनला हसू आवरेना. "डोळे मास्तरांवर गेलेत," तो म्हणाला.

मास्तरही हसले. दिवा लावला, मडकं उपडं घातलं, आणि ओल्या मातीवर हात फिरवून ते उठले तेव्हा त्यांना हलकं वाटत होतं. काहीतरी पुरं केलं, वेळेवर केलं, तिनं सांगितलं तसं केलं. पुढे कित्येकदा त्यांना त्या हलकेपणाची आठवण आली, आणि दर वेळी अंगावर काटा आला.

त्या रात्री दवाखान्यात लास्मिनीला शुद्ध आली तेव्हा तिच्या नाकात नळी होती. तिनं ओठ हलवले. मास्तरांनी कान खाली नेला.

"आणलंत?"

"आणलं. वुलानच्या शेजारी ठेवलंय."

तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी अर्धा गाव भाड्याचा टेम्पो करून तिला बघायला आला, खाटेभोवती चटया टाकून बसला, आणि भेट म्हणून आणलेली बिस्किटं त्यांनीच संपवली. पार्जियेम सगळ्यांना पदरचं तिखटमीठ लावून शस्त्रक्रिया सांगत होती. किडनी सांगता सांगता नारळाएवढी झाली होती.

घरी आल्यावर मास्तरांनी सगळं शिकून घेतलं. टाक्यांवरची पट्टी कशी बदलायची, तिला कुशीवर कसं वळवायचं, खोकला आला की पोटावर उशी कशी दाबून धरायची. उरलेल्या एका किडनीवर भार नको म्हणून वेदनेच्या गोळ्या विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत, आणि पार्जियेम आणते त्या पाल्याच्या काढ्यांपैकी एकही नाही. "माझ्या आईनं याच काढ्यावर सात बाळंतपणं काढली," पार्जियेम फणफणे. "तुमची आई दोन किडन्यांची होती, म्बाक," ताई म्हणावं तसं मास्तर म्हणत आणि काढा केळीच्या बुंध्याशी ओतत.

लास्मिनी चालू लागली. सकाळी दाराच्या डाव्या हाताला, त्या मडक्यापाशी, बांबूची खुर्ची टाकून बसू लागली. रस्त्यावरून जाणाऱ्यांना सांगे, "मी अर्धी इथं वर, अर्धी इथं खाली." फोनवर वुलानला सांगे, "तुझ्या बाबांनी किती नीट केलं सगळं. कुठल्या नवऱ्यानं केलं असतं?" मास्तर आत तांदूळ धूत असत. ऐकून त्यांना सुख होई.

पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी टाके पाहिले, रक्तदाब पाहिला, उरलेली किडनी कशी चालली आहे ते रक्तावरून पाहिलं, सगळ्यावर मान हलवली. मग विचारलं, "जोग्जाचा निकाल?"

लास्मिनी बाहेर वजनाच्या काट्यावर उभी होती.

"अजून आला नाही," मास्तर म्हणाले. आपण असं का म्हणालो हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. डॉक्टरांच्या विचारण्यात काहीतरी होतं, त्यानं ते घाबरले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी फोन उचलून प्रयोगशाळेला लावला, लास्मिनीचं नाव सांगितलं, ऐकलं, आणि फोन ठेवला. "त्यांच्याकडे काही आलंच नाही म्हणतात."

तेव्हा मास्तरांनी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, फार सांगण्यासारखं नव्हतंच.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि वर्गात मंद मुलाला समजवावं तसं समजावत गेले. किडनीचा कर्करोग एकाच जातीचा नसतो, पाक. कुठल्या जातीचा, किती आक्रमक, कापलेल्या कडेपर्यंत पोचला होता की नाही, शिरेत शिरला होता की नाही, ते सगळं त्या चकत्यांमध्ये दिसतं. त्यावरून ठरतं की परत कधी बघायचं, आणि उलटला तर कुठलं औषध. आता मला यातलं काहीच माहीत नाही.

"उकरून आणलं तर?"

"माती झाली असेल हो."

"थोडं जरी मिळालं—"

"पाक," डॉक्टर म्हणाले, "आता दर तीन महिन्यांनी छातीचा आणि पोटाचा स्कॅन करू. चुकवू नका. एवढंच करता येईल."

बाहेर लास्मिनी विचारत होती, "काय म्हणाले?"

"स्कॅन करायचे म्हणाले."

"माझ्यावर एवढा खर्च सरकारचा," ती म्हणाली. "मोठी बाई झाले मी."

माती झाली असेल हे ऐकूनही मास्तरांनी दुसऱ्या दिवशी, लास्मिनी न्हाणीत गेल्यावर, खुरपं घेतलं. मडकं बाजूला केलं. कापड लागलं. ते हाताला लागताच फाटलं, आणि आत काळसर, ओलं, मुळांनी विणलेलं काहीतरी होतं; किडनी कुठली आणि माती कुठली हे सांगणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी मूठभर उचललं. आपण ही मूठ घेऊन बसमध्ये बसलोय असं त्यांना दिसलं.

"काय शोधताय?"

पार्जियेम काढ्याचं भांडं घेऊन अंगणात उभी होती. मास्तरांनी वर पाहिलं, आणि सांगून टाकलं. ती ऐकत उकिडवी बसली, भांडं खाली ठेवलं. मग दोन्ही हातांनी माती परत आत लोटू लागली, भरभर, मांजर लोटतं तशी. वर मडकं ठेवलं. आतून लास्मिनीच्या अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"तिला सांगू नका," पार्जियेम म्हणाली.

"नाही."

"आणि मलाही सांगायला नको होतंत."

त्यानंतर तिचं येणं कमी झालं. आली तरी मास्तरांशी ती डाळ-तांदळापलीकडे बोलत नसे.

स्कॅनला जायच्या आदल्या दिवसापासून मास्तर ताट अर्धं टाकून उठत. लास्मिनी मात्र नवी ओढणी काढून ठेवी. एक स्कॅन स्वच्छ आला. दुसराही आला. मास्तरांना वाटू लागलं, कदाचित वाचलो. हे वाटणंही ते फार वेळ वाटू देत नसत. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि खाली ठेवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. दोन्ही फुफ्फुसांत ठिपके होते, तांदळात खडे असावेत तसे.

यावर गोळ्या होत्या. कुठल्या गोळ्या, हे जातीवर ठरणार होतं. फुफ्फुसातला तुकडा सुईनं काढता येईल, पण ते जोग्जालाच, आणि तिथं पाळी लागायला वेळ. शिवाय लास्मिनीला तोवर दम लागू लागला होता. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना जी जात असते तीच धरून चालू. धरून चालू, म्हणजे अंदाजानं. मास्तरांना ते शब्द ओळखीचे होते. ज्यांनी अभ्यास केलेला नसे ती मुलं असंच उत्तर लिहीत.

गोळ्यांनी लास्मिनीचं तोंड आतून सोलून निघालं. तळहात लाल झाले, तळपाय फुगले, मग कातडी सुटू लागली. न्हाणीपर्यंतही चालणं होईना. मास्तर तिला पेज भरवत, गार करून, मीठ न घालता. चमचा ओठाला लागला की ती डोळे घट्ट मिटे. घरात तिच्या श्वासाचा आवाज भरून राहिला. पुढच्या स्कॅनमध्ये ठिपके मोठे झालेले होते आणि त्यांच्या सोबतीला नवे आले होते.

"जात दुसरी असावी," डॉक्टर मास्तरांना एकट्याला म्हणाले. "किंवा तीच असेल आणि औषध लागू पडलं नसेल. तेही होतं. आधी कळलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं, पाक. कदाचित नसतंही. मला खरंच सांगता येत नाही."

मास्तर गाडीत तिच्या शेजारी बसून घरी आले. तुगिमाननं आपल्या मुलाची गाडी दिली होती. वाटभर तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं, आणि ते डोकं किती हलकं झालंय हेच ते जोखत होते.

घरी खाटेवर टेकल्यावर तिनं विचारलं, "डॉक्टर दर वेळी तुम्हाला मागं का थांबवून घेतात?"

"औषधाचं सांगतात."

"औषध तर मलाही कळतं. मीच गिळते ना." तिला एक वाक्य बोलायला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. "वुलानचे बाबा. मला आता फसवू नका. वेळ नाही माझ्याकडे त्याला."

त्यांनी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. त्या जागेपाशी बसून तिनं जे समाधान मिळवलं होतं, तेवढं एक तरी तिच्यापाशी राहू द्यायचं होतं. पण तिचा चेहरा बघून त्यांना वाटलं, न सांगणं हेही आपण आपल्यासाठीच करतोय. की सांगणंच आपल्यासाठी होतं? हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यांनी सांगितलं: बरणी, चिठ्ठी, दोन बाजूंच्या बस, आणि डॉक्टरांचं ते टेबल.

लास्मिनीनं सोललेले तळहात पोटावर उताणे ठेवले.

"नर्सनं सांगितलं होतं तुम्हाला? तपासायला न्या म्हणून?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो. म्हणजे... हो. तू घरी आणा म्हणाली होतीस."

"मी घाबरले होते." ती थांबली, श्वास घेतला. "त्याच संध्याकाळी मी म्हणाले होते, मला कापून घ्यायचं नाही, मला घरी न्या. रडले होते. आठवतं?"

मास्तरांना आठवत होतं.

"ते ऐकलंत का? नाही ऐकलंत. वेडी आहेस का म्हणालात. मग हेच कसं ऐकलंत?"

बाहेर तुगिमान गाडी मागे घेत होता. त्याची बायको त्याला, डावीकडे, अरे तुझ्या डावीकडे, असं ओरडत होती.

"मला सांगायचंत. त्या दिवशी नाही, शुद्धीवर आल्यावर सांगायचंत, की हे तपासावं लागतं. मी म्हणाले असते, काढा आणि न्या. तेव्हा ती ताजी होती हो. मी कशाला अडवलं असतं? मला जगायचं होतं."

"डॉक्टर म्हणतात, कदाचित काही फरक पडला नसता."

"कदाचित," लास्मिनी म्हणाली.

उजेड कलला, कोंबड्या खुराड्यात गेल्या. मास्तरांनी पेज केली. तिनं मान फिरवली. तळपायांना मलम लावायची वेळ झाली तेव्हा ते डबी घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसले, आणि रोजच्यासारखा तिचा डावा पाय मांडीवर घ्यायला गेले.

तिनं पाय मागे घेतला.

मास्तर डबी उघडी धरून तसेच बसले. उठून जावं असं वाटलं, पण घरात दुसरं माणूस नव्हतं. थोड्या वेळानं सोललेल्या कातडीची आग सोसवेना झाली असावी. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि पाय पुढे सरकवला.

त्यांनी बोटानं मलम घेतलं, टाचेपासून सुरुवात केली. नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती, हात जरा जड झाला तर फाटेल अशी.

"दुखतंय?"

भिंतीकडे वळलेल्या तिच्या पाठीत श्वास वर चढताना दिसत होता, आणि उतरताना. तो पाय झाला. दुसरा तिनं दिला नाही. मास्तरांनी वाट पाहिली, मग तो स्वतःच हळूच उचलून घेतला.